हसतात ते कशाला? – आजची चिनी स्वप्नचित्रे पाहताना

चित्रप्रदर्शन पाहून आलेली आपली मंडळी बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलतात. 'छान होते' किंवा 'आपल्याला त्यातले काही कळत नाही बुवा'. देवादिकांची चित्रे, निसर्गदृश्ये, एखाद्या थोर पुरुषाचे व्यक्तिचित्र असेल तर पहिले वाक्य. आणि चित्रात गुलाबी कातडीचा एक माणूस सगळे दात दाखवून, डोळे घट्ट मिटून हसतो आहे, त्याच्या शेजारी तसाच दुसरा, त्याच्यामागे तसेच आणखी पाच-सहा, असे काही असले की दुसरे.

विद्यार्थी मित्रांनो, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चीनमध्ये अशी चित्रे पुष्कळ निघाली आणि जगभरच्या कलादालनांत ती टांगली गेली. मोबाईलवर तुमच्यापैकी अनेकांनी तो हसरा माणूस पाहिलाही असेल, चित्रकाराचे नाव माहीत नसताना. कधी दिल्ली-मुंबईत, कधी परदेशी असलेल्या ताई-दादाकडे गेलात तर तिथल्या संग्रहालयात, अशी चित्रे समोर येण्याचा प्रसंग तुमच्यावर येईल. त्या वेळी 'कळत नाही' म्हणून पुढच्या खोलीत जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. कारण ही चित्रे ज्यांनी काढली त्यांना सरळ बोलण्याची सोय नव्हती. वाकडे काढले म्हणूनच ते सांगू शकले. आपण वाकडेपणापाशीच थांबलो तर त्यांचे सांगणे वाया जाते.

या प्रकाराला मराठीत 'अतिवास्तववादी' चित्रे म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ या कवीने एक जाहीरनामा काढला. जागेपणीच्या हिशेबी विचारापेक्षा स्वप्नात मन जे जोडते ते अधिक खरे असू शकते, असे त्याचे म्हणणे. स्वप्न कसे असते ते आठवा. स्वप्नात कधीही न पाहिलेली वस्तू क्वचितच दिसते. आपलीच शाळा दिसते, पण तिच्या अंगणात नदी असते. आपलीच आजी दिसते, पण ती आपल्याहून लहान असते. वस्तू ओळखीची, मांडणी अनोळखी. साल्वादोर दालीचे वितळलेल्या घड्याळांचे १९३१ चे प्रसिद्ध चित्र याच रीतीचे आहे. (ते चित्र प्रत्यक्षात साधारण उघड्या वहीएवढेच आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. छापील प्रतींमुळे ते भिंतभर असेल असे वाटते.)

स्वप्नाचा मान काही पॅरिसवाल्यांनीच राखला असे नाही. चीनमध्ये सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी च्वांग-त्सू नावाचा विचारवंत होऊन गेला. आपण फुलपाखरू झालो असे त्याला स्वप्न पडले, आणि जागे झाल्यावर त्याला प्रश्न पडला की फुलपाखराचे स्वप्न पाहणारा मी माणूस, की माणसाचे स्वप्न पाहणारे मी फुलपाखरू? चिनी मुले ही गोष्ट ऐकतच मोठी होतात.

आणि आपल्या माळव्यातही असे पाहणारे डोळे होते. आलोटला जन्मलेले, पुढे इंदूरला आयुष्य घालवलेले विष्णु चिंचाळकर (१९१७–२०००), ज्यांना सगळे 'गुरुजी' म्हणत, ते वाळक्या काटक्या, सुकलेली पाने, फेकून दिलेल्या वस्तू यांतून पक्षी, माणसे, चेहरे उभे करत. गुरुजी अतिवास्तववादी होते असे मी म्हणत नाही. पण मुळीच्या तुकड्यात ज्याला बगळा दिसतो, त्याला या चित्रांची अर्धी वाट आधीच चालून झालेली असते.

उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी मात्र चीनचा थोडा इतिहास लागतो.

चिनी चित्रकलेची जुनी परंपरा शाई-कुंचल्याची आहे. डोंगर, धुके, बांबू, आणि भरपूर मोकळा कागद. विसाव्या शतकात तिच्यात युरोपीय पद्धतीचे हुबेहूब चित्रण आणण्याचा आग्रह ज्यांनी धरला त्यांत शू पेइहोंग हे मोठे नाव. पॅरिसला शिकून आलेल्या या चित्रकाराचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ते शांतिनिकेतनला आले होते आणि दारापुढचा डोंगर कुदळीने खणून काढू पाहणाऱ्या म्हाताऱ्याच्या चिनी लोककथेवरचे आपले मोठे चित्र त्यांनी १९४० मध्ये भारतातच काढले. त्यातल्या काही धिप्पाड माणसांसाठी भारतीय माणसेच समोर उभी केली होती. त्याच सुमारास आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमींवर उपचार करत होते, हेही इथे आठवते.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. शू पेइहोंग पेइचिंगच्या मध्यवर्ती कला अकादमीचे प्रमुख झाले आणि लवकरच, १९५३ मध्ये, वारले. त्यानंतर रशियन धर्तीचे चित्रण हेच अधिकृत शिक्षण ठरले. १९६६ ते १९७६ ही सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षे तर फारच कडक. चित्र कसे असावे याची तेव्हा ठरलेली व्याख्या होती: लाल, उजळ आणि झळाळते. शेतकरी हसरा, कामगार हसरा, सैनिक हसरा. माओंच्या चेहऱ्यावर सावलीसुद्धा पडायची नाही. 'अध्यक्ष माओ आनयुआनला निघाले' या १९६७ च्या चित्राच्या तर कोट्यवधी प्रती छापून घराघरांत लागल्या. दु:खी चेहरा काढणे हा गुन्हा ठरू शकत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

माओ १९७६ मध्ये गेले. १९७९ च्या सप्टेंबरात काही तरुण हौशी कलावंतांनी पेइचिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाबाहेरच्या कुंपणावरच आपली चित्रे टांगली. आत जागा देणार कोण? पोलिसांनी ती काढायला लावली. पण दहा वर्षांनी, ५ फेब्रुवारी १९८९ रोजी, त्याच संग्रहालयाच्या आत नव्या चित्रकारांचे भले मोठे प्रदर्शन भरले. त्याचे बोधचिन्ह होते रस्त्यावरची 'मागे वळण्यास मनाई' ही पाटी. उद्घाटनाच्याच दिवशी शिआओ लू या तरुणीने दोन टेलिफोन-बूथ उभे करून केलेल्या आपल्याच कलाकृतीवर पिस्तुलाने गोळ्या झाडल्या आणि काही तासांत प्रदर्शन बंद करावे लागले. नंतर ते पुन्हा उघडले, पुन्हा बंद पडले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिआनआनमेन चौकात जे घडले ते तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. विद्यार्थ्यांचे आंदोलन रणगाडे आणि बंदुकांनी मोडून काढण्यात आले. पाटी खोटी ठरली, गाडी मागे वळलीच.

आता त्यानंतरच्या चित्रकाराच्या जागी स्वत:ला ठेवून पाहा. रडका चेहरा काढायचा नाही. हसरा चेहरा काढला तर आपण खोटे बोललो असे होते. मग काय काढाल?

युए मिनजुन यांनी हसराच चेहरा काढला, पण इतका हसरा की पाहणाऱ्याला बरे वाटेनासे व्हावे. त्यांचा जन्म १९६२ चा, ईशान्य चीनमधल्या ताछिंगच्या तेलक्षेत्रातला. काही काळ त्यांनी तेल उद्योगात नोकरीही केली. चेहरा त्यांचा स्वत:चाच. प्रत्येक चित्रात तोच, एकाच चित्रात दहा-दहा वेळा तोच. त्याआधी १९८७ मध्ये गेंग जियान्यी या चित्रकाराने चार प्रचंड हसरे चेहरे काढले होते, त्यांत आनंदाचा लवलेश नव्हता. युए यांना आपली वाट तिथे सापडली. भिंतीवरच्या पोस्टरांतले हसू त्यांनी उचलले आणि ते थोडे, नव्हे बरेच, ताणले. आपल्याकडे 'हसण्यावारी नेणे' असा वाक्प्रचार आहे. जे अंगावर येईल ते हसण्यावारी नेण्याखेरीज ज्याला इलाज उरलेला नाही, अशा माणसाचे हे हसू आहे. डोळे मिटलेले आहेत तेही पाहा. पाहायचे नाही म्हणून मिटलेले, की पाहवत नाही म्हणून?

त्यांच्या १९९५ च्या 'देहदंड' नावाच्या चित्रात उघडीनागडी माणसे हसत उभी आहेत, त्यांच्यावर नेम धरणाऱ्यांच्या हातांचा आव बंदुकीचा आहे पण हातात बंदूक नाही. मागे तांबडी भिंत. गोया आणि माने या युरोपीय चित्रकारांच्या जुन्या प्रसिद्ध चित्रांची मांडणी त्यांनी घेतली आहे. हे चित्र म्हणजे तिआनआनमेनच, असे अनेकजण सांगतात. चित्रकाराने स्वत: मात्र एकाच घटनेशी ते बांधू नका असे म्हटले आहे. २००७ मध्ये लंडनच्या लिलावात ते जवळजवळ ५९ लाख डॉलरला गेले.

युए यांच्याविषयी माझे मत थोडे मिश्र आहे. पहिली दहा-पंधरा चित्रे पाहताना अंगावर काटा येतो. पुढे तेच हसू बाजारात इतके खपले की त्याचाच एक छाप झाला. ज्या पोस्टराची थट्टा करायची, त्यासारखेच ते सगळीकडे लागले. हे चित्रकाराचे अपयश की तोही त्या थट्टेचाच भाग, यावर जाणकारांत वाद आहे.

मला स्वत:ला झांग श्याओगांग अधिक जवळचे वाटतात, आणि मला वाटते, आपल्या मंडळींनाही वाटतील. कारण त्यांच्या चित्रांत आहे काय, तर फोटो-स्टुडिओत काढलेला कुटुंबाचा फोटो.

झांग यांचा जन्म १९५८ चा, दक्षिणेकडच्या खुनमिंगचा. १९९२ मध्ये ते तीन महिने जर्मनीत राहिले, तिथली संग्रहालये पाहिली, आणि परत आल्यावर त्यांच्या हाती आईवडिलांच्या घरचे जुने फोटो लागले. आईचे तरुणपणचे फोटो. त्यांतून 'रक्ताचे नाते : मोठे कुटुंब' ही मालिका सुरू झाली. काळा-करडा रंग, ताठ बसलेले आई-वडील, मध्ये एक मूल. अंगावर बंद गळ्याचे एकसारखे कोट. चेहरे इतके सारखे की आई, बाप आणि मूल यांत फरक करणे अवघड. डोळे ओलसर, पण भाव कोणताच नाही. आणि मग तुमच्या लक्षात येते की त्या तिघांना जोडणारा एक अगदी बारीक तांबडा धागा चित्रभर फिरतो आहे. चेहऱ्यावर कुठेतरी फिकट उजेडाचा डाग आहे, जणू जुन्या फोटोवर पडलेला. आणि कधी कधी एकट्या मुलाचाच चेहरा पिवळा किंवा लाल रंगवलेला आहे.

आता आपल्या घरातली भिंत आठवा. देवास, धार, कन्नौदच्या जुन्या मराठी घरांत पणजोबा-पणजींचा एक तरी फोटो असतोच. पणजोबांच्या डोक्यावर पगडी, हातात काठी. पणजी नऊवारीत, नाकात नथ, पाय जमिनीवर टेकतात न टेकतात अशा बेताने खुर्चीवर बसलेल्या. कोणी हसत नाही. फोटोग्राफरने 'हलू नका' म्हटलेले असते. पुष्कळदा नंतर कोणीतरी ब्रशने ओठ, शालूचा काठ, गालांवरचा रंग भरलेला असतो आणि सुरकुत्या पुसलेल्या असतात. (छायाचित्रणाचे वेड माळव्यात जुने. पुढे देशभर नाव झालेल्या राजा दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला तो इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करतानाच.) ते पुसलेले, सावरलेले चेहरे पाहून तुम्हाला कधी वाटले असेल की ही माणसे खरी कशी होती? रागावत होती का? कोणावर रुसली होती का?

झांग यांना हेच वाटले. फरक असा की आपल्या पणजोबांचा चेहरा फोटोग्राफरने सावरला, आणि त्यांच्या आईवडिलांच्या पिढीचा चेहरा सरकारनेही सावरला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अनेक घरांनी जुने फोटो स्वत:च जाळून टाकले, कारण त्यांतला एखादा परदेशी कोट किंवा श्रीमंती पोशाख घरावर संकट आणू शकत होता. ज्या घरात फोटो उरला, तिथे तो नुसता फोटो राहिला नाही. आणि मूल एकच का? कारण १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत चीनमध्ये बहुतेक शहरी कुटुंबांना एकच मूल होऊ देण्याचा नियम होता. चित्रात भाऊ-बहीण शोधाल तर बहुधा सापडणार नाहीत.

यात 'अतिवास्तव' ते काय? घड्याळ वितळलेले नाही, माणसाला पंख नाहीत. फक्त एक धागा, एक डाग, एक पिवळा चेहरा. ते तीन काढून टाका, स्टुडिओतला साधा फोटो उरतो. खरे स्वप्न असेच असते असे मला वाटते. सगळे जागच्या जागी, आणि एखादीच गोष्ट अशी की झोपेतही छातीत धस्स व्हावे.

तिसरे झेंग फानझी. १९६४ मध्ये वुहानला जन्मलेले, १९९३ मध्ये पेइचिंगला आले. अनोळखी मोठ्या शहरात प्रत्येकजण काहीतरी चेहरा लावून वावरतो असे त्यांना जाणवले आणि त्यांनी मुखवटे घातलेली माणसे काढायला सुरुवात केली. त्यांचे 'शेवटचे भोजन' हे २००१ चे चित्र लिओनार्दोच्या येशूच्या चित्रावर बेतलेले आहे, पण टेबलाशी शाळकरी पोशाखातली, गळ्यात तांबडा रुमाल बांधलेली मुखवटेधारी मंडळी बसली आहेत आणि समोर कापलेली कलिंगडे. तांबडा रुमाल हा चीनमधल्या बालपथकाचा गणवेश. एकाच्या गळ्यात मात्र रुमालाऐवजी सोनेरी टाय आहे. येशूच्या गोष्टीत जो दगा देतो, त्याच्या जागेवर तो बसला आहे. चित्र जवळजवळ चार मीटर रुंद. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ते १८ कोटी हाँगकाँग डॉलरना विकले गेले, म्हणजे सोनेरी टायने शेवटी आपलेच म्हणणे खरे केले!

मुखवटा आपल्याला परका नाही. भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, तेव्हा मुखवटा ठेवला की देवी घरात आली असे आपण मानतो. तिथे मुखवट्याने कोणीतरी प्रकट होते, झेंग यांच्या चित्रात कोणीतरी लपते. त्यांच्या माणसांचे हात मात्र पाहा. मुखवटा गुळगुळीत, आणि हात अवाढव्य, लालबुंद, शिरा ताणलेले. चेहऱ्याने दाबलेले हातांनी सांगून टाकले आहे.

या चित्रांना 'अतिवास्तव' म्हणणे कितपत बरोबर, हा प्रश्न राहतो. चीनमधले समीक्षक ली श्यानतिंग यांनी युए आणि त्यांच्या सोबत्यांच्या चित्रांना वेगळेच नाव दिले, त्याचा आशय मराठीत 'उपहासी वास्तववाद' असा सांगता येईल. मला ते नाव अधिक पटते. पॅरिसच्या मंडळींनी स्वप्न निवडले होते. या चिनी चित्रकारांच्या वाट्याला आलेला जागेपणाच स्वप्नासारखा होता.

आता प्रत्यक्ष पाहण्याबद्दल थोडे. दालनात गेल्या गेल्या चित्राखालची चिठ्ठी वाचू नका. आधी चित्रात काय काय आहे ते मनात मोजा, अगदी सामानाची यादी करावी तसे. मग त्यातले काय जागेवर नाही ते शोधा. त्यानंतर चिठ्ठीवरचे साल पाहा. चिनी चित्राच्या बाबतीत साल फार बोलते. १९८८ चे चित्र आणि १९९२ चे चित्र यांत चार वर्षांचे नव्हे, एका अख्ख्या पिढीच्या आशेचे अंतर आहे. चित्रापासून पाच पावले मागे जा, मग जवळ या. झांग यांच्या चित्रातला तांबडा धागा मोबाईलच्या पडद्यावर जवळपास नाहीसाच होतो. हात मात्र लावू नका, बोटाचा घाम रंगाला खातो. आणि शंभर चित्रे एका तासात पाहण्यापेक्षा तीन चित्रांपुढे दहा-दहा मिनिटे उभे राहा. सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना बाकावर बसवून विचारा, 'आजी, हे एवढे का हसतायत हो?' आजीचे उत्तर चिठ्ठीपेक्षा बरे निघण्याची शक्यता पुष्कळ आहे.

मराठी चित्रकाराकडून सुरुवात करायची असेल तर प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची चित्रे शोधा. पान, फळ, घड्याळ अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ते अशा ठेवतात की त्या एकमेकींशी काहीतरी कुजबुजत आहेत असे वाटते. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीतच आहे आणि मोठ्या वर्गांतल्या मुलांना झेपण्यासारखे आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले होते.

एवढ्या लांब जाणे न जमले तरी कन्नौदहून इंदूर शंभरेक किलोमीटरवर आहे. बेंद्रे, हुसेन आणि चिंचाळकर गुरुजी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या देवळालीकरांच्या नावाची कलावीथिका तिथे आहे. भोपाळच्या भारत भवनातले 'रूपंकर' दालन तर १९८२ पासून आहे आणि त्यात शहरी चित्रकार व आदिवासी चित्रकार एकाच छपराखाली लागलेले आहेत. चिनी चित्रे तिथे बहुधा भेटणार नाहीत, पण डोळ्यांना सराव होईल. सोमवारी भारत भवन बंद असते, तेव्हा सुटीचा बेत त्याप्रमाणे आखावा.